मंगळावरची तिपाई

तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही. चार पायांच्या खुर्चीखाली पुठ्ठ्याची घडी सारण्यात संसारी माणसाची बरीच वर्षं जातात. तिपाई मात्र खडबडीत फरशीवरही ठाम उभी राहते. भूमितीचाच नियम आहे तो. पण त्याच तिपाईला "बाई गं, जरा चालून दाखव" म्हटलं की पंचाईत! एक पाय उचलला की उरले दोन, आणि दोन पायांवर तोल सांभाळणारी तिपाई निदान माझ्या ओळखीच्या सुतारांपैकी कुणी केलेली नाही.

एच. जी. वेल्सने मात्र ती चालवली. त्याची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९७ साली पिअर्सन्स मॅगझिनमधून क्रमशः आली आणि १८९८ साली तिचं पुस्तक झालं. मंगळावरची मंडळी इंग्लंडात उतरतात आणि प्रचंड तीन पायांच्या यंत्रांत बसून गावंच्या गावं जाळत सुटतात, अशी ती गोष्ट. त्यातलं एक यंत्र सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर उभं राहतं आहे. तयार संच आणून नव्हे, तर घरातल्या भंगारातून, मुळापासून. या छंदातले लोक अशा मांडणीला 'डायोरामा' म्हणतात. हा शब्द दागेर या फ्रेंच गृहस्थाचा. फोटोग्राफीमुळे तो पुढे गाजला, पण १८२२ साली त्याने पॅरिसमध्ये अवाढव्य पडदे आणि उजेडाचे खेळ दाखवणारं 'डायोरामा' नावाचं एक थिएटर काढलं होतं. १८३९ साली ते जळलं. नाव तेवढं उरलं, आणि आक्रसत आक्रसत आमच्या टेबलावर येऊन बसलं. आपल्याकडे यासाठी गणपतीतला 'देखावा' हा सुरेख शब्द आहेच.

यंत्राची उंची वेल्सने वर्तमानपत्रातल्या बातमीच्या तोंडून सांगून ठेवली आहे: जवळजवळ शंभर फूट. मी बहात्तरास एक हे प्रमाण धरलं. म्हणजे माझी तिपाई साधारण सतरा इंचांची. पायांना सायकलचे जुने स्पोक, डोक्यावरच्या पितळी टोपीला मोडक्या डावाचा वाटीसारखा भाग, लोंबणाऱ्या पोलादी सोंडांना स्कूटरच्या ब्रेकची उकललेली केबल. पाठीवर कोळ्याच्या टोपलीसारखी एक मोठी टोपली आहे असं वेल्स म्हणतो.

"अहो, चहाची गाळणी कुठे गेली?" सौ.ने विचारलं.

"मंगळावर," मी म्हणालो. त्या दिवशी चहा चोथ्यासकट प्यावा लागला.

वेल्स वर्णन करतो तेही मोठ्या हुशारीने. यंत्र पहिल्यांदा दिसतं ते रात्री, गारांच्या वादळात, विजेच्या उजेडात. एका लखलखाटात ते दोन पाय हवेत उचलून कललेलं, पुढच्या लखलखाटात शंभर यार्ड जवळ! मधल्या अंधारात ते कसं चाललं याची चौकशी करायला वाचकाला सवडच मिळत नाही. वर त्याला उपमा कसली, तर दूध काढताना बसायच्या तीन पायांच्या स्टुलाची. ते स्टूल कलतं करून जमिनीवर जोराने भिरकावून दिल्याची कल्पना करा, म्हणतो. शिवाय या मंगळवाल्यांच्या यंत्रांत कुठे चाक म्हणून नाही. सगळे सांधे स्नायूंसारखे सरकणारे. कारागिराने करायचं काय?

चित्रकारांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. मासिकातली चित्रं वॉर्विक गॉबलची होती. त्याची तिपाई ताठ, पाय खांबासारखे. वेल्सला ती रुचली नसावीत. कारण पुस्तक छापताना त्याने निवेदकाच्या तोंडी एक टोला घातला. कुणा चित्रकाराने ही यंत्रं ताठर तिपायांसारखी दाखवली आहेत, आणि लाकडी बाहुली जेवढी माणसासारखी दिसते तेवढीच ती खऱ्या यंत्रासारखी दिसतात, असं काहीसं. आपल्याच कादंबरीत आपल्याच चित्रकाराला हाणायची ही युक्ती आपल्या दिवाळी अंकवाल्यांच्या लेखकांना कशी सुचली नाही, कोण जाणे.

त्यानंतर आला अल्विम कोरेया. ब्राझीलचा हा तरुण बेल्जियममध्ये राहत होता. कुणी सांगितलं नसताना त्याने चित्रं काढली आणि ती घेऊन थेट लंडनला वेल्सकडे गेला. वेल्स खूश झाला. १९०६ साली ब्रसेल्सला त्या चित्रांसह पुस्तक निघालं, फक्त पाचशे प्रतींचं. त्याच्या तिपाईला डोळे आहेत आणि ते चांगलेच वटारलेले आहेत. १९१० साली बिचारा ऐन तारुण्यात गेला.

सिनेमावाल्यांनी मात्र पायांचा प्रश्न एका फटक्यात सोडवला. जॉर्ज पालच्या १९५३ सालच्या चित्रपटात यंत्रांना पायच नाहीत! अल्बर्ट नोझाकीने पाकट माशासारखी चपटी यानं आखली, त्यांवर नागासारखी मान बसवली, आणि तांब्याची ती मॉडेलं बारीक तारांवर टांगली. गोष्टही इंग्लंडातून उचलून कॅलिफोर्नियात नेली. या चित्रपटाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. मिळो बापडं. मला ती यानं आवडतात, पण तिपाई ती तिपाई.

माझ्या तिपाईला तीन आठवडे लागले. खालच्या गल्लीला तीन महिने झाले, अजून संपलेली नाही. येणारेजाणारे विचारतात, "यंत्र तर झालं, मग अडलंय कुठे?" अडलंय ते कुंपणाशी.

कारण वेल्सची खरी करामत यंत्रात नाहीच. १८९५ साली तो वोकिंग या लंडनजवळच्या गावात भाड्याने राहायला आला. सायकल चालवायला तो तेव्हा शिकत होता. सायकलवरून आसपास भटकायचं आणि मंगळवाल्यांकडून कुठली जागा आणि कुठली माणसं नष्ट करवून घ्यायची ते हेरून ठेवायचं, हा त्याचा उद्योग. पुढे आत्मचरित्रात त्याने तो मजेत सांगितला आहे. पहिलं नळकांडं पडतं ते तिथल्याच हॉर्सेल कॉमनच्या माळावर. नकाशा घेऊन जा, माळ सापडतो. त्याच वोकिंगमध्ये १९९८ साली मायकेल कॉन्ड्रनने केलेली सात मीटर उंच चकचकीत तिपाई उभी राहिली. गावाने आपल्याच विध्वंसकाचा पुतळा उभारला!

पत्ता खरा असला की भीती खरी होते, हे पुढे रेडिओने दाखवलं. ३० ऑक्टोबर १९३८ ला ऑर्सन वेल्सने अमेरिकेत हीच गोष्ट बातम्यांच्या थाटात सादर केली, तेव्हा मंगळवाले न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल या खेड्यात उतरवले. लोक घाबरले, किती घाबरले ते वर्तमानपत्रांनी फुगवून सांगितलं. १९४९ च्या फेब्रुवारीत इक्वेडोरमध्ये, क्विटोच्या रेडिओवर, हाच प्रयोग शहराजवळच्या ओळखीच्या जागांची नावं घालून झाला. तिथे मात्र फुगवायला काही शिल्लक राहिलं नाही. नाटक होतं हे कळल्यावर चिडलेल्या जमावाने रेडिओची इमारतच पेटवली, आणि आत माणसं मेली. एकही मॉडेल न बनवता, नुसत्या गावाच्या नावावर.

म्हणून माझं कुंपण नीट व्हायला हवं. कादंबरीत शेजारी कुंपणापाशी उभा राहून मंगळवाल्यांविषयी गप्पा मारतो आणि मूठभर स्ट्रॉबेऱ्या देतो. शनिवारी सकाळी दूधवाला नेहमीसारखा येतो, सैन्याने मंगळवाल्यांना वेढलंय अशी खबर देतो आणि जातो. निवेदक आत जाऊन न्याहारी करतो. त्याच रात्री तिपाई येते.

मी धरलाय तो प्रसंग त्याच रात्रीचा: उलटलेली घोडागाडी, आणि डबक्यात अंग चोरून बसलेला एक साधा माणूस. हा साधा माणूस बाजारात मिळत नाही. दुकानात या मापाचे सैनिक मिळाले, बंदूकवाले, दुर्बीणवाले, पोटावर सरपटणारे. छत्रीवाला एकही नाही. गंमत म्हणजे ही तक्रार खुद्द वेल्सने करून ठेवली आहे! मुलांबरोबर जमिनीवर ठोकळ्यांची शहरं मांडायचा त्याला भारी नाद होता, त्यावर १९११ साली त्याने 'फ्लोअर गेम्स' हे पुस्तक लिहिलं, आणि त्यात खेळणीवाल्यांवर वैतागला की सैनिकच काय विकता, आम्हांला नागरिक हवेत. एवढ्या वर्षांनी माझ्या पेठेत तीच स्थिती.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्याला ही अडचण येत नाही. तिथे मावळ्यांच्या शेजारी भाजीवाली असते, शेतकरी असतो, डोक्यावर घागर घेतलेली गवळण असते. मी ती गवळण आणून पाहिली. तीन इंचांची होती. बहात्तरने गुणल्यावर अठरा फूट! तिला पाहून मंगळवालेच परत गेले असते.

शेवटी आगपेटीच्या काड्या तासून माणूस केला, एक इंचाहूनही कमी. पोरांच्या सुईने त्याला कोट रंगवला. फाटकाशी, पावसात, सकाळच्या दुधाचं रिकामं कॅन ठेवलंय. रिफिलच्या टोकाचं आहे. परवा शेजारचे काका चश्मा वर करून बराच वेळ पाहत होते. शंभर फुटी यंत्राकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. म्हणाले, "हे कॅन उचलायला विसरले वाटतं?"