कड्यापुढचें भय

इचलकरंजीला लागून असलेलें कबनूर हें गांव सपाटीवरचें आहे. पंचगंगेच्या खोऱ्यांतील या काळ्या मुलुखांत नजरेला आडवें येतें तें उसाचें शेत किंवा मागाचें छप्पर. कडा येथें कोठें दिसावयाचा नाहीं. तरीहि सरळ रेषेंत सुमारें २५ मैलांवर पश्चिमेला पन्हाळगड उभा आहे, आणि गांवांतील मुलें सहलीच्या निमित्तानें केव्हां ना केव्हां त्याच्या तटावर जातातच. तेथें एखाद्याचे पाय कड्याच्या अलीकडेच थबकतात, डोळ्यांपुढें घेरी येते, आणि सोबती त्याला हंसूं लागतात. पुढें न जाणारा तो भित्रा, असा निकाल तेथल्या तेथें लागतो. इतिहासाची साक्ष काढून पाहिली, तर हा निकाल फारच घाईचा ठरतो.

उंचीचें भय कोणी शिकवावें लागत नाहीं. १९६० सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांतील एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या संशोधकांनीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाड कांचेच्या एका बाजूखालीं लगेच जमीन होती, तर दुसऱ्या बाजूखालीं खोल दिसत होतें. पलीकडून आई बोलावीत असतांहि रांगत्या मुलांपैकीं बहुतेक त्या खोल बाजूवर आलीं नाहींत. माणसाचा तोल डोळे, कानांतील आंतला भाग आणि तळपाय या तिघांच्या साक्षीवर राहतो. उंचावर जवळची वस्तु नजरेंतून सुटली, म्हणजे डोळ्यांची साक्ष लटकी पडते आणि शरीर डळमळूं लागतें. हें भय म्हणजे मुख्यतः देहानें दिलेली सावधगिरीची सूचना आहे.

जुन्या सेनापतींपैकीं जे शहाणे होते, त्यांना ही गोष्ट ठाऊक होती. इ. स. पूर्व ३२७ मध्यें अलेक्झांडर मध्य आशियांतील सोग्डियन खडकापाशीं अडला. वरच्या लोकांनीं, पंख असलेले शिपाई घेऊन या, असा टोमणा मारला. अलेक्झांडरनें साऱ्या सैन्याला चढण्याचा हुकूम सोडला नाहीं. त्यानें बक्षीस जाहीर केलें, आणि ज्यांना चढण्याची संवय होती असे सुमारें ३०० लोक आपण होऊन पुढें आले. तंबूच्या लोखंडी मेखा आणि दोर घेऊन ते रात्रीं चढले. त्यांतले सुमारें ३० पडून मेले. उरलेले पहाटे माथ्यावर दिसतांच खडकावरच्या लोकांनीं शरणागति पत्करली. बाकीचे हजारों लोक खालींच राहिले. त्यांना कोणी भित्रे म्हटलें नाहीं.

पन्हाळ्याची कथा याच जातीची आहे. १६ जानेवारी १६६६ रोजीं पहाटेच्या अंधारांत शिवाजी महाराजांनीं या गडावर हल्ला केला. आंतील शिबंदी सावध होती, आणि सुमारें एक हजार माणसें कामास आलीं. त्यानंतर सात वर्षांनीं, ६ मार्च १६७३ च्या रात्रीं, कोंडाजी फर्जंदानें अवघीं साठ निवडक माणसें घेऊन कडा गांठला. अण्णाजी दत्तो मागें फौजेसह थांबले. अंधारांत हात धरीत, दगड चाचपीत साठ जण वर पोंचले. वर जातांच त्यांनीं शिंगें फुंकलीं आणि आंतील लोकांची त्रेधा उडाली. हजारांना जें साधलें नव्हतें तें साठांनीं साधलें. कडा ज्यांना मानवतो त्यांनींच चढावें आणि इतरांनीं पायथ्याशीं आपलें काम करावें, ही वांटणी त्या यशाच्या मुळाशीं होती.

चढून गेलेल्यांनाहि कड्याचें भय सोडीत नाहीं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले तेव्हां मावळ्यांचा धीर सुटला. सूर्याजीनें परतीचे दोर कापून त्यांना माघारीं फिरविलें, अशी लोकपरंपरा आहे. ती कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांतील मर्म खरें आहे. तलवारीपेक्षां मागचा कडा अधिक भयंकर, हें सूर्याजी जाणून होता. त्यानें माणसांतलें भय नाहींसें केलें नाहीं, त्याचें तोंड तेवढें फिरविलें.

याच्या उलट चित्र साताऱ्यास दिसतें. १६९९ च्या डिसेंबरांत औरंगजेबानें त्या किल्ल्यास वेढा घातला, आणि १३ एप्रिल १७०० रोजीं तटाखालचे सुरुंग उडविण्यांत आले. पहिल्यानें आंतील लोक गाडले. दुसऱ्यानें मात्र तट बाहेरच्या बाजूस, हल्ल्यासाठीं दाटीनें उभ्या असलेल्या मोगल पायदळावरच कोसळला. सुमारें दोन हजार माणसें दगडमातीखालीं गेलीं. वाट मोकळी झाली होती. जतच्या डफळे घराण्यांतील बाजी चव्हाण हा मोगलांच्या चाकरींत होता. तो मूठभर लोकांसह खिंडारांतून वर गेला, आणि वर शत्रु नाहीं, चढून या, अशी हांक त्यांनीं खालच्यांना दिली. कोणी चढलें नाहीं. थोड्याच वेळांत किल्ल्यांतील मराठे भानावर आले, आणि वर गेलेले कापले गेले.

खालीं उभे राहिलेले ते लोक भ्याड होते काय? त्यांच्या डोळ्यांदेखत भाऊबंद ढिगाऱ्याखालीं गेले होते. प्रेतें काढतां येईनात, तेव्हां फौजेंतील हिंदु प्याद्यांनीं रात्रीं मोर्चाच्या लांकडी बांधकामालाच आग लावून दिली, आणि ती सात दिवस जळत राहिली, असें खाफीखान सांगतो. आपल्या माणसांना अग्नि देण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापाशीं उरला नव्हता. अशा माणसांना बादशहाचा हुकूम वर चढवूं शकला नाहीं. २१ एप्रिलला सातारा हातीं आला तो बोलणीं करून. पुढें १७०१ च्या मे महिन्यांत पन्हाळा आणि १७०२ च्या जूनमध्यें विशाळगडहि पैसा मोजूनच मिळाले. एकट्या विशाळगडासाठीं दोन लाख रुपये द्यावे लागले. जेथें पाय चालले नाहींत तेथें थैली चालवावी लागली.

बाजी चव्हाणाचें धैर्य थोरच होतें, आणि त्याच्या एकाकी मरणाची हळहळ आजहि वाटते. परंतु त्याचा दोष खालच्या प्याद्यांच्या माथीं मारून भागणार नाहीं. ज्यांचें मन चढावयास तयार नाहीं, त्यांच्या भरंवशावर वर गेलेल्याचा घात होतो. म्हणून चढाईपूर्वीं "नाहीं" म्हणण्यास जागा ठेवणें यांत कोणाची मानहानि नाहीं. उलट वर जाणाराचे प्राण त्यामुळेंच वांचतात. आधींच नाहीं म्हणणारा सोबत्याला फसवीत नाहीं. अर्ध्या वाटेंत गळणारा मात्र त्याला घेऊन बुडतो.

कबनूरचें एखादें मूल उद्यां पन्हाळ्यावर सज्जा कोठीजवळ थबकलें, तर त्याला पुढें ढकलूं नये. कोंडाजीबरोबर साठच गेले होते, ही गोष्ट त्याला तेथेंच बसवून सांगावी.