क्रॅश डम्प: राखीव स्मृतीची कुळकथा

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, चालता चालता कोसळला की त्या क्षणी स्मृतीत जे काही होते त्याची उतरवून घेतलेली प्रत म्हणजे क्रॅश डम्प. लिनक्सवर ती घेणाऱ्या रूढ यंत्रणेला केडम्प म्हणतात. नेमक्या गरजेच्या वेळी डम्प मिळालाच नाही, ही सर्व्हर सांभाळणाऱ्यांची जुनी तक्रार असून तिची बरीचशी कारणे या यंत्रणेच्या जन्मातच दडलेली आहेत.

डम्पचे जुने नाव कोअर डम्प. त्यातला ‘कोअर’ हा शब्द १९५० च्या दशकातील चुंबकीय स्मृतीवरून आला, जिच्यात फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवलेल्या असत आणि एकेक कडी एकेक बिट धरून ठेवी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या व १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची स्मृती अशाच कड्यांची होती आणि तीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. वीज गेली तरी कड्यांतले चुंबकत्व, आणि त्यासोबत मजकूरही, टिकून राही. पुढे अर्धवाहक स्मृती आली, कड्या गेल्या, शब्द तेवढा उरला. नव्या स्मृतीचा स्वभाव मात्र नेमका उलटा, वीज तुटताच रिकामी होण्याचा. म्हणूनच अमरावती-अकोल्याकडे भर उन्हाळ्यात वीज जाऊन सर्व्हर बंद पडला असेल, तर डम्प शोधण्यात अर्थ नसतो. तेथे कर्नल कोसळलेलाच नसतो.

स्मृती अशी क्षणभंगुर झाल्यावर ती डिस्कवर लिहून कोणी ठेवायची, हा प्रश्न उभा राहिला. युनिक्सच्या जुन्या घराण्यांत कोसळणारा कर्नल स्वतःच ती स्वॅपच्या, म्हणजे स्मृतीला पूरक म्हणून राखलेल्या, डिस्कच्या भागात ओती आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर सेव्हकोअर हा प्रोग्राम तिची फाइल करी. लिनक्ससाठी सिलिकॉन ग्राफिक्सने आणलेली एलकेसीडी आणि नंतरची रेड हॅटची नेटडम्प या यंत्रणाही कमीअधिक प्रमाणात कोसळलेल्या कर्नलवरच विसंबत. ज्याची कुलपे अडकली आहेत, ज्याच्या नोंदी विस्कटल्या आहेत, त्यालाच डिस्कवर लिहायला सांगणे म्हणजे मरणाऱ्याकडूनच त्याचा पंचनामा करून घेणे होय, आणि त्या लिखाणात चांगल्या फाइलींचाही नाश होण्याची भीती असे.

यातून सुटका केली ती केएक्झेकने. चालू कर्नलमधून, बायॉसच्या वाटेला न जाता, थेट दुसरा कर्नल सुरू करण्याची ही युक्ती एरिक बीडरमन यांची. तिच्या पायावर आयबीएमच्या भारतीय गटातील विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लीतीर्थ आदींनी केडम्प उभारला. २००५ मध्ये ऑटावाच्या लिनक्स परिसंवादात त्यावरील निबंध सादर झाला आणि त्याच वर्षी लिनक्स कर्नलच्या २.६.१३ या आवृत्तीत दोन्ही गोष्टी दाखल झाल्या. सुरुवातीलाच स्मृतीचा एक तुकडा बाजूला काढून त्यात दुसरा, छोटा कर्नल तयार ठेवायचा; पहिला कोसळला की दुसरा जागा होऊन पहिल्याच्या स्मृतीची प्रत काढतो. वऱ्हाडातल्या घरात ज्वारीचे बियाणे वेगळे ठेवले जाई आणि कितीही ओढगस्त आली तरी ते दळायला काढले जात नसे, त्यातलाच हा प्रकार.

ही बेगमी यंत्र सुरू होतानाच करावी लागते, आणि बहुतेक बिघाड येथेच सुरू होतात. यंत्र सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्राममध्ये ‘क्रॅशकर्नल’ची, म्हणजे राखीव जागेची, नोंद केली पण यंत्र पुन्हा सुरू केले नाही, तर राखीव जागा शून्यच राहते. जागा तोकडी पडली तर दुसरा कर्नल आपल्याच ड्रायव्हरांच्या भाराने गुदमरतो आणि प्रत अर्धवट राहते; डिस्क बदलूनही केडम्पची प्रारंभिक फाइलप्रणाली नव्याने बांधली नाही, तर तो जुन्याच डिस्कचा पत्ता शोधत बसतो. म्हणून सगळी जुळवाजुळव झाल्यावर कर्नल मुद्दाम कोसळवून चाचणी घेतात, अर्थात कामाच्या वेळी नव्हे.

आलेली प्रत अवाढव्य असते. मेकडम्पफाइल हा प्रोग्राम तिच्यातून कोरी, मोकळी, कॅशची आणि वापरकर्त्यांच्या प्रोग्रामांची स्मृतीची पाने गाळू शकतो; जिनिंगमध्ये १०० किलो कापसातून सरकी निघून ३४ किलोच्या आसपास रुई उरते, येथे तर गाळ त्याहूनही अधिक निघू शकतो.

आयबीएमच्या पॉवर यंत्रांसाठी फॅडम्प नावाची वेगळी शाखा निघाली. तिच्या २०११ च्या मूळ संहितेवर लेखक म्हणून महेश साळगावकर यांचे नाव आहे. तीत यंत्राचे फर्मवेअर स्मृती सांभाळत संपूर्ण यंत्र नव्याने सुरू करते, त्यामुळे बिघडलेल्या स्थितीतल्या उपकरणांशी झटावे लागत नाही. बेगमी येथेही सुटली नाही, परंतु २०१८ मध्ये अशी सोय झाली की कर्नलने सोडलेली ती जागा एरवी वापरकर्त्यांच्या प्रोग्रामांना वापरता यावी. त्या प्रोग्रामांची स्मृतीही ज्याला डम्पमध्ये हवी असेल, त्याला मात्र ही सोय बंद करून जागा पूर्वीसारखी पडीक ठेवावी लागते.