संगमनेरची सून, फिलाडेल्फियाची विद्यार्थिनी

१/ १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात होती. अमेरिकेतील फिलाडेल्फिया त्याच सुमारास साडेआठ लाखांजवळ पोहोचले होते. १८९० पर्यंत ते दहा लाखांपलीकडे गेले.

२/ १८८३ मध्ये या वाढत्या महानगरात आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी आल्या. वय अवघे अठरा. पती गोपाळराव मूळचे नगर जिल्ह्यातील संगमनेरचे. स्वतःचे तान्हे मूल दगावल्यानंतर स्त्री-डॉक्टरांची उणीव त्यांना तीव्रतेने जाणवली होती.

३/ स्त्रियांसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय तेथे १८५० मध्येच स्थापन झाले होते. जपानच्या केई ओकामी, सिरियाच्या सबात इस्लामबुली याही तेथेच शिकल्या. त्या शहरात दूरदेशीच्या स्त्रीलाही विद्येचे दार उघडे होते. हवामान मात्र निष्ठुर होते. साडी आणि शाकाहार न सोडता आनंदीबाईंनी तेथील हिवाळे काढले. प्रकृती खालावत गेली.

४/ ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही ठरली.

५/ रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. महानगराने दिलेली विद्या मायदेशी पोहोचली. ती वापरण्याइतके आयुष्य उरले नव्हते.