आगीतील चित्रीकरण

आगीतील चित्रीकरण : पेटलेल्या इमारतीच्या अंतर्भागाचे आणि तेथे काम करणाऱ्या अग्निशामक जवानांचे चलच्चित्रण. चित्रपटाच्या जन्मापासूनच हा विषय चित्रपटकारांना आकर्षित करीत आला आहे. तथापि त्यात एक मूलभूत अडचण आहे. पेटलेली खोली ज्वाळांनी उजळून निघते, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात बंदिस्त जागेतील आगीत काळा, दाट धूर छतापासून खाली उतरत येतो आणि थोड्याच वेळात जमिनीलगतची हातभर जागा सोडली, तर काहीच दिसेनासे होते. जवान रांगत, भिंत चाचपत पुढे सरकतात. जे डोळ्यांना दिसत नाही, ते साध्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही. त्यामुळे या चित्रणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी, न दिसणारी आग दिसती करण्याच्या क्लृप्त्यांचा इतिहास ठरतो.

फ्रान्समधील ल्यूम्येअर बंधूंच्या अगदी आरंभीच्या चित्रफितींत लिआँ शहरातील बंबांची धावपळ आढळते. परंतु त्यांत कॅमेरा घराबाहेरच राहतो. इंग्लंडमध्ये होव्ह येथे राहणाऱ्या जेम्स विल्यमसन यांनी फायर! (१९०१) या लघुपटात एक ओसाड घर आणि गावातील खरे अग्निशामक दल वापरले. जवान खिडकीतून खोलीत शिरतो, बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेतो आणि पुढच्याच दृश्यात तो बाहेरच्या शिडीवरून उतरताना दिसतो. खोलीच्या आतील व बाहेरील कृती अशी एका सूत्रात ओवण्याची ही कल्पना त्या काळी नवीन होती. ज्वाळांच्या दृश्याला तांबडा रंग देण्यात आला होता. अमेरिकेत एडिसन कंपनीसाठी एडविन एस. पोर्टर यांनी लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन (१९०३) काढला. त्यात तीच सुटका प्रथम आतून व नंतर बाहेरून, अशी दोनदा दाखविली आहे. पुढे प्रचारात आलेल्या एका प्रतीत ही दृश्ये आलटूनपालटून जोडलेली असल्यामुळे आधुनिक चित्रसंकलनाचे श्रेय अनेक वर्षे या चित्रपटाला दिले जात होते. मूळ क्रम अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयातील कागदी प्रतीमुळे उलगडला.

त्या काळच्या साध्या फितीला तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवत नसे. शिवाय सेल्युलोज नायट्रेटची ती फीत स्वतःच अतिशय ज्वालाग्राही होती आणि एकदा पेटली, की पाण्याखालीही जळत राही. पॅरिसमधील धर्मादाय बाजाराला ४ मे १८९७ रोजी लागलेली आग तर चित्रपट-प्रक्षेपकाच्या दिव्यातील ईथरमुळे भडकली व तीत सव्वाशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. आगीचे चित्रण करणारे साधन हेच आगीचे कारण ठरण्याचा धोका सुमारे १९५० पर्यंत कायम होता.

या प्रकारातील सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे हंफ्री जेनिंग्ज (१९०७–५०) यांचा फायर्स वेअर स्टार्टेड (१९४३) हा अनुबोधपट. क्राउन फिल्म युनिट या सरकारी संस्थेने त्याची निर्मिती केली. लंडनवरील हवाई हल्ल्यांच्या काळात, १९४०-४१ च्या हिवाळ्यात, साहाय्यक अग्निशामक सेवेच्या एका ठाण्यावर घडणाऱ्या एका दिवसाची व रात्रीची ही कथा आहे. चित्रीकरण झाले १९४२ मध्ये, म्हणजे मोठे हल्ले थांबल्यानंतर. त्यामुळे बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या इमारतींत मुद्दाम आगी लावाव्या लागल्या. मात्र त्या विझविणारे नट नव्हते. ते सर्व सेवेतील जवान होते. त्यांतील विल्यम सॅन्सम हे पुढे कथाकार म्हणून नावारूपाला आले. संवाद बऱ्याच अंशी प्रत्यक्ष प्रसंगातच घडत गेले. गोदीलगतच्या वखारीला आग लागते, शेजारी दारूगोळ्याचे जहाज उभे असते, पाणी अपुरे पडते आणि जखमी सहकाऱ्याला दोराने खाली सोडणारा जॅको स्वतः छपरावर अडकून मरतो. सकाळी जहाज सुखरूप निघते व इकडे त्याची अंत्ययात्रा चालू असते.

या चित्रपटातील आग रचलेली असली, तरी तीत वावरणारी माणसे नळी कशी धरतात, शिडीवर पाय कसा ठेवतात, थकल्यावर कसे बसतात, हे सारे खरे आहे. नटाला ते शिकविता आले नसते. ज्वाळांच्या खरेपणापेक्षा हा खरेपणा अधिक टिकाऊ ठरला, असे म्हणावे लागते. वितरकांच्या आग्रहाने मूळ चित्रपट काटून आखूड करण्यात आला. आय वॉज अ फायरमन या नावाची दीर्घ आवृत्तीही उपलब्ध आहे.

लंडनमध्ये जे पुन्हा रचावे लागले, ते त्याच युद्धकाळात मुंबईच्या गोदीत प्रत्यक्ष घडले. व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस पेटला. त्याच जहाजावर स्फोटकेही होती. आग विझविणारे मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जण स्फोटांत बळी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. छायालेखक सुधीश घटक यांनी या दुर्घटनेचा काही भाग टिपला होता; परंतु बरीचशी फीत लष्करी अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतली.

रंगीत कथापटांनी आग देखणी केली. रॉन हॉवर्ड यांच्या बॅकड्राफ्ट (१९९१) मध्ये ज्वाळा स्वच्छ दिसाव्यात म्हणून धूर मर्यादित ठेवलेला जाणवतो. याच्या अगदी उलट टोकाला ज्यूल व गेदेआँ नोदे हे फ्रेंच बंधू आणि अग्निशामक जेम्स हॅनलन यांचा ९/११ (२००२) हा अनुबोधपट आहे. न्यूयॉर्कच्या डुएन रस्त्यावरील ठाण्यातील एका नवशिक्या जवानावर चित्रपट काढण्याचा त्यांचा मूळ बेत होता आणि कित्येक आठवडे मोठी आग लागलीच नव्हती. ११ सप्टेंबर २००१ रोजी वायुगळतीच्या तपासणीसाठी गेलेल्या तुकडीबरोबर असताना ज्यूल यांच्या कॅमेऱ्यात पहिल्या विमानाची धडक टिपली गेली. तुकडीप्रमुख जोसेफ फायफर यांच्या मागोमाग ते उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावर गेले. आत शिरताना पेटलेली माणसे दिसली, तेव्हा त्यांनी कॅमेरा तिकडे वळविला नाही. ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला, सर्वत्र काळोख झाला आणि कॅमेऱ्यावरील दिव्याच्या उजेडात जवानांनी वाट शोधली. त्या दिवशी शहराच्या अग्निशामक दलाचे ३४३ जण मरण पावले. फायफर यांचा भाऊही त्यांत होता. डुएन रस्त्यावरील ठाण्यातील सर्वजण मात्र परत आले.

अशा चित्रणाचा पुराव्यादाखल उपयोग पुढे वाढत गेला. ऱ्होड आयलंड राज्यातील ‘द स्टेशन’ या नाइटक्लबमध्ये २० फेब्रुवारी २००३ रोजी शोभेच्या दारूने भिंतीवरील फोम पेटला व १०० जण दगावले. सार्वजनिक जागांच्या सुरक्षिततेवरील वृत्तासाठी आलेला एक दूरचित्रवाणी-छायालेखक त्या वेळी आत होता. बाहेर पडतापडता तो चित्रण करीत राहिला. दारात अडकलेली गर्दीही त्यात आली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने या फितीच्या आधारे आगीचा क्षणाक्षणाचा क्रम निश्चित केला, त्या जागेचा काही भाग प्रयोगशाळेत उभारून जाळून पाहिला आणि सुमारे दीड मिनिटातच आतील परिस्थिती प्राणघातक झाली, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर अशा जागांत स्वयंचलित जलफवारे सक्तीचे करण्याच्या तरतुदी तेथील संहितांत करण्यात आल्या. अलीकडे जवानांच्या शिरस्त्राणावरच लहान कॅमेरे बसविता येतात. प्रशिक्षणासाठी त्यांचा उपयोग निर्विवाद आहे; परंतु त्यांत जखमी व मृत व्यक्तींचीही दृश्ये येत असल्यामुळे हे चित्रण कोणाच्या मालकीचे व ते कोणी पाहावे, यासंबंधी अनेक दलांना स्वतंत्र नियम करावे लागले आहेत.