गावाला विचारलं तेव्हा

नगर, बीड आणि धाराशिव हे तीन जिल्हे जिथं एकमेकांना टेकतात, तो आमचा भाग. मुरमाड रान, ज्वारी-बाजरीचं पीक, पाऊस आला तर आला. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, पण बाजारहाट जामखेडला. माझी धाकटी मावशीही जामखेड तालुक्यात दिलेली. त्यामुळं १९७० नंतर त्या तालुक्यात दवापाण्याचं जे काम उभं राहिलं, ते मी थोडं डोळ्यांनी पाहिलं, थोडं मावशीच्या तोंडून ऐकलं आणि उरलेलं पुढं वाचून घेतलं. ते पाहिलेली माणसं आता एकेक करून चालली. म्हणून ही हकिकत लिहून ठेवतोय.

आधी त्या काळची दुखणी कशी होती ते सांगतो. बाळंतपण घरातच व्हायचं. सुईण यायची, घरातल्या विळ्यानं नाळ कापायची, वर राख नाहीतर शेण लावायची. आठवड्याभरात लेकराचा जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचं. बाहेरची बाधा झाली म्हणून देवऋषाकडं पळापळ व्हायची. तो धनुर्वात होता आणि विळ्यातून, शेणातून आला होता हे कुणाला ठाऊक? लेकराला जुलाब लागले की त्याचं पाणी बंद करायचे, कारण पाणी प्यायलं की जुलाब वाढतो अशी समजूत. पोटुशी बाई पोटभर जेवली तर लेकरू मोठं होऊन अडतं, म्हणून तिला अर्धपोटी ठेवायचे. माझ्या पाठची दोन लेकरं अशीच गेली. आई त्यांची नावं घ्यायची नाही. "झाली अन् गेली," एवढंच म्हणायची. हे आमच्याच घरात होतं असं नाही. त्या काळात जामखेड भागात हजार लेकरं जन्मली तर १७६ वर्षाच्या आत जात. म्हणजे पाच-सहा पाळण्यांमागं एक रिकामा.

अशा मुलखात १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको आले. दोघंही वेल्लोरला शिकलेले. आरोळे नगर जिल्ह्यातलेच. आधी नेवासा तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काम केलं होतं. तिथं त्यांच्या ध्यानात आलं की आपण रोगी बरा करून घरी पाठवतो आणि थोड्या दिवसांनी तोच रोगी तेच दुखणं घेऊन परत येतो. गढूळ पाणी तेच, उपासमार तीच, मग दुखणं तरी कुठं जाणार? पुढं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन दोघं परतले आणि काम करायला त्यांनी जामखेड निवडलं. इथल्या पुढाऱ्यांशी बोलणी केली, तुम्हाला आम्ही हवे आहोत का असं आधी विचारलं. बसायला जागा मिळाली ती जुन्या गुरांच्या दवाखान्याची. शेतकऱ्याला त्यात वावगं वाटलं नाही. ज्या दारात बैल बरा होतो तिथं माणूसही बरा होईल, असं आमच्याकडची माणसं हसून म्हणायची.

दोन वर्षांत बहात्तरचा दुष्काळ पडला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आई-बाप खडी फोडायला जायचे, आम्ही पोरं सुकडी खायचो. विहिरी तळाला गेल्या होत्या. डॉक्टर लोक गावोगाव जाऊन विचारत, तुम्हाला काय पाहिजे? कुणीच गोळ्या-इंजेक्शन मागितलं नाही. लोक म्हणाले, आधी प्यायला पाणी द्या, लेकरांना खायला द्या. दवाखान्याच्या माणसाला असं उत्तर मिळालं तर तो म्हणेल, ते आमचं काम नाही. आरोळ्यांनी ते आपलंच काम मानलं. लेकरांना एकवेळचं खाणं सुरू झालं, ते रांधायला गावातलीच माणसं पुढं आली. बोअर घेतले, हातपंप बसवले.

हातपंपांची गोष्ट मावशी फार रंगवून सांगायची. पाणी कुठं लागतं ते बघताना दलित वस्तीतली जागा मुद्दाम धरली जायची. पंप वस्तीत बसला. आता गावाला पाणी हवं तर वस्तीत जावं लागणार. "पहिले चार दिवस पाटलीणबाई काय गेल्या न्हाईत बघ," मावशी म्हणायची. "पाचव्या दिवशी हंडा घेऊन सगळ्यात आधी त्याच उभ्या! तहान लागल्यावर जात कुठं ऱ्हाती?" जात त्यानं गेली असं मी म्हणणार नाही. पण ज्या वाटेनं कधी पाऊल पडत नव्हतं, ती वाट रोजच्या पायाखालची झाली. पाण्याचा पंप हेही औषधच, हे मला त्यावरून कळलं.

दुसरी गोष्ट नर्सबाईंची. सुरुवातीला गावोगाव शिकलेल्या नर्सबाई पाठवल्या. ते जमलं नाही. शहराकडची एकटी बाई परक्या गावात राहणार कशी? आणि ती सांगायची ते आमच्या बायांना पटायचं नाही. तरणी पोर, अजून स्वतःचं बाळंतपण नाही, आणि चार लेकरांच्या आईला शिकवते, असं बाया म्हणायच्या. तेव्हा सूचना आली ती गावाकडूनच. आमच्यातलीच एखादी बाई घ्या, तिला शिकवा, तिचं आम्ही ऐकू. अशा रीतीनं गावागावांनी आपली आरोग्यसेविका निवडली. यात कितीतरी जणी दलित होत्या, विधवा होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. दर आठवड्याला त्या जामखेडला जायच्या, मुक्काम करायच्या. तिथं एकत्र रांधायचं, एका पंगतीला बसायचं, एका छताखाली झोपायचं. सुरुवातीला काही जणींनी नाक मुरडलं. पण पोटात भूक आणि समोर गरम भाकरी असली की सोवळं किती टिकणार!

मावशीच्या गावची सेविका पन्नाशीची होती. तिला अंगठा सोडून काही येत नव्हतं. पण गावात पोटुशी कोण, कुणाचं लेकरू वाळत चाललंय, कुणाला खोकला लागून महिना झाला, हे तिला तोंडपाठ. तिनं बाळंतपणाला नवं पातं उकळून वापरायला लावलं, शेण बंद केलं. जुलाबाला साखर-मीठ-पाणी पाजायला शिकवलं. पोटुशी बाईच्या सासूपुढं बसून ती सांगायची, "हिला खाऊ घाला, लेकरू अडणार न्हाई, मी हाय ना." ही तिची भाषा होती आणि तिची जबाबदारीही. लेकरू दगावलं तर तिला दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर जायचं असायचं. बाहेरून येणाऱ्या माणसाला ही धास्ती नसते.

बायांचं असं चाललं असताना पुरुष गप्प नव्हते. गावोगाव शेतकरी मंडळं झाली, पुढं महिला मंडळं झाली. मंडळात बांधबंदिस्ती, झाडं लावणं, बी-बियाणं याची बोलणी व्हायची आणि त्यातच लेकरांच्या वजनाचा विषय निघायचा. पोरांची वजनं करायला पुरुष माणसं काटा धरून उभी राहिलेली मी पाहिलीत. सांडपाण्याला शोषखड्डे खणले, डास कमी झाले. ज्या महारोग्याला गाव वेशीबाहेर ठेवायचं, त्याला घरात ठेवून औषध देता येतं हे लोकांनी पाहिलं. १९९३ च्या आसपास लेकरांच्या मरणाचा तो १७६ चा आकडा तिशीच्या आत आला होता. हे काम डॉक्टरांचं तर होतंच, पण लोकांनी ते डोक्यावर घेतलं म्हणून झालं.

जगानंही याची दखल घेतली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांनी उभ्या केलेल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. १९७८ साली रशियाच्या बाजूला अल्मा आटा इथं मोठी परिषद भरली. आपली आरोग्यसेवा ठरवण्यात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असं तिथं लिहून झालं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मात्र सरकारनं हेच काम उचललं तेव्हा त्यातला जीव कुठंतरी निसटला. १९७७ साली देशभर गावोगाव आरोग्य रक्षक नेमायची योजना आली. तीन महिने शिक्षण, महिन्याला ५० रुपये. नेमले गेले ते बहुतेक पुरुष. आता बाईमाणूस आपलं अंगावरचं जाणं, पाळी चुकणं हे गावच्या पुरुषाला कसं सांगणार? जामखेडला बाई का निवडली आणि गावानंच का निवडली, हे कागदावर उतरलंच नव्हतं.

आमच्या गावाचंही तसंच. आम्हाला उपकेंद्र मिळालं ते ओढ्यापलीकडं, कारण तिथली जागा फुकट होती. पावसाळ्यात ओढा भरला की नर्सबाई पलीकडं आणि दुखणं अलीकडं. रात्री त्या माळावर एकटी बाई राहीना, म्हणून दिवसाही कुलूप. जागा ठरवताना गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, "आरं तिकडं कोण जाईल?" पण विचारलं नाही.

विचारणाऱ्यांना काय मिळतं, याचा आणखी एक दाखला वाचण्यात आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीला गेले. तिथल्या गोंड लोकांना त्यांनी विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? लोक म्हणाले, तिथं सगळे पांढऱ्या कपड्यात असतात आणि आम्ही पांढरं कापड मढ्यावर घालतो. आमचे नातेवाईक बाहेर काढता, आमचा देवही तिथं नसतो. मग दवाखाना गोंडांच्या पाड्यासारखा झोपड्यांचा बांधला, सोयरे जवळ राहतील अशी सोय केली आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी. हे उत्तर डॉक्टरकीच्या कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं.

आमच्याकडं हा विषय आजही जुना झालेला नाही. दिवाळी झाली की आमच्या वाड्या-वस्त्या ऊसतोडीला निघतात, पाडव्यापर्यंत घरांना कुलपं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांवर बायांच्या पिशव्या काढल्याचं निघालं. त्यातल्या कितीतरी तिशी-पस्तिशीतल्या. पाळीत सुट्टी नाही, फडात आडोसा नाही, खाडा झाला की दंड. पोटात दुखतं म्हणून बाई दवाखान्यात गेली की तिला पिशवी काढायचा सल्ला मिळायचा. तिला काय पाहिजे हे ना मुकादमानं विचारलं, ना कारखान्यानं, ना डॉक्टरनं.

सोय कागदावर आता आहे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात आशाताई आल्या, गावाची आरोग्य समिती आली, समितीच्या हाती वर्षाला १० हजार रुपये आले. २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकांनीच दवाखान्यावर देखरेख करायची रीत सुरू झाली. गावानं दवाखान्याला हिरवा, पिवळा की लाल शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढं उभं राहून बोलायचं. नंतर ती आणखी जिल्ह्यांत गेली.

आमच्या समितीच्या सह्या आधी घरी आणून घेतल्या जायच्या. चार वर्षांपूर्वी बायांनीच हट्ट धरला की बैठक मारुतीच्या पारावर, सगळ्यांसमोर घ्यायची. पहिल्याच बैठकीत तोडीला जाणारी एक पोर उठून म्हणाली, "डोस पाजायचा दिवस तुम्ही ठरवता, तवा आम्ही फडात असतो." तिच्या एका वाक्यावर गावाचं वेळापत्रक बदललं. आता टोळ्या निघायच्या आधी लेकरांचे डोस होतात, पोटुशी बायांची तपासणी होते आणि कार्ड त्यांच्या हातात देऊन आशाताई सांगते की कारखान्याच्या गावीही हे दाखवायचं. नर्सबाई आठवड्यातून एक दिवस ओढ्याच्या अलीकडं, शाळेच्या खोलीत बसतात. समितीच्या पैशातून त्या खोलीला पडदा आणि काटा घेतला.

अजून पुष्कळ राहिलंय. रात्री-अपरात्री बाई अडली तर गाडी वेळेवर येत नाही. फडावर तर काहीच नाही. पुढच्या बैठकीला मुकादमांनाही बोलवायचं ठरलंय. ते येतील की नाही ते बघू. बाया मात्र येणार आहेत.