घरची दारे आणि परकी बाजारपेठ : भारतीय कंपन्यांच्या परदेश-विस्तारामागील प्रेरणांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

एखादी कंपनी स्वदेश सोडून परक्या मुलखात कारखाना का काढते, या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकातील उत्तर बहुधा ठरलेले असते. मोठी बाजारपेठ, अधिक नफा, स्वस्त मजूर, कच्च्या मालाची उपलब्धता आणि जोखमीची विभागणी अशी पाच-सहा कारणे क्रमाने सांगितली जातात. ही यादी चुकीची नाही. परंतु तिला काळाचे भान नाही. १९६९ मध्ये थायलंडला गेलेला भारतीय उद्योजक आणि २००७ मध्ये ब्रिटनमधील पोलाद कंपनी विकत घेणारा भारतीय उद्योगसमूह एकाच यादीतील कारणांनी बाहेर पडले, असे मानले तर दोघांच्याही निर्णयाचा अर्थ हाती लागत नाही. प्रस्तुत निबंधात भारतीय कंपन्यांच्या परदेश-विस्ताराचे ठळक टप्पे तपासून, त्यामागील प्रेरणा काळानुसार कशा पालटत गेल्या, याचा मागोवा घेतला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

या विषयाच्या आधुनिक विवेचनाचा प्रारंभ स्टीफन हायमर यांच्या १९६० मधील प्रबंधापासून मानला जातो. परक्या देशात कंपनीला भाषा, कायदा, ग्राहकांच्या सवयी आणि सरकारचा संशय अशा अनेक अडचणी सोसाव्या लागतात. स्थानिक प्रतिस्पर्ध्याला मात्र हे सारे फुकट लाभलेले असते. तरीही ती तेथे जाते, त्या अर्थी या अडचणींवर मात करणारी काही खास शक्ती तिच्यापाशी असली पाहिजे आणि त्या शक्तीवरचे नियंत्रण तिला सोडवत नसले पाहिजे, असा हायमर यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. १९६६ मध्ये रेमंड व्हर्नन यांनी उत्पादनाच्या जीवनचक्राची कल्पना मांडली. नवी वस्तू श्रीमंत देशात जन्मते आणि तिचे तंत्र रुळल्यावर उत्पादन कमी खर्चाच्या देशाकडे सरकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जॉन डनिंग यांनी १९७० च्या दशकात मालकीचा लाभ, स्थानाचा लाभ आणि व्यवहार कंपनीच्या अंतर्गत ठेवण्याचा लाभ या तीन सूत्रांची सांगड घातली. १९७७ मध्ये योहानसन आणि वाल्ने या स्वीडिश अभ्यासकांनी कंपन्या प्रथम जवळच्या व परिचित देशात आणि अनुभव वाढेल तसतशा दूरच्या देशात जातात, असे दाखविले.

हे सिद्धांत प्रामुख्याने अमेरिकी व युरोपीय कंपन्यांच्या निरीक्षणातून सिद्ध झाले. घरी बलवान झालेली कंपनी बाहेर पसरते, हे त्यांचे सामायिक गृहीत आहे. १९८३ मध्ये लुई वेल्स यांनी विकसनशील देशांतील बहुराष्ट्रीय कंपन्यांकडे लक्ष वेधले आणि लहान बाजारपेठेला मानवणारे तंत्र व कमी व्यवस्थापन-खर्च ही त्यांची शक्ती असल्याचे सांगितले. तरीही, घरी वाढण्यास मज्जाव असल्यामुळे कंपनी बाहेर जाते, या शक्यतेचा विचार भारतीय इतिहासाच्या आधारेच अधिक नीट करता येतो.

पूर्वपीठिका : व्यापार गेला, कारखाना नाही

भारतीय व्यापाऱ्यांचे समुद्रापलीकडचे संबंध जुने आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशी, भाटिया व खोजा पेढ्या चीन, पूर्व आफ्रिका आणि आखाती बंदरांशी व्यापार करीत. जमशेटजी टाटा १८५९ मध्ये हाँगकाँगला गेले ते पेढीचा व्यवहार पाहण्यासाठी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाच्या भावात आलेली तेजी युद्ध संपताच कोसळली. तेव्हा लंडनमध्ये असलेल्या जमशेटजींना कर्जदात्यांना सामोरे जावे लागले. या काळात परदेशात गेले ते भांडवल, माल आणि माणसे. उत्पादनाचे तंत्र व त्यावरील नियंत्रण परदेशी नेण्याजोगी औद्योगिक ताकद वसाहतीच्या अर्थव्यवस्थेत निर्माण झालेली नव्हती. त्यामुळे आधुनिक अर्थाने परदेशी गुंतवणुकीचा इतिहास स्वातंत्र्यानंतरच सुरू होतो.

परवान्यांचे युग : कोंडलेल्या उद्योजकाची वाट

१९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने नवा कारखाना काढणे व असलेल्याचा विस्तार करणे या दोन्ही गोष्टी सरकारी परवान्याच्या अधीन झाल्या. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने मूलभूत उद्योगांचे क्षेत्र प्रामुख्याने सार्वजनिक क्षेत्राकडे सोपविले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बिर्ला समूहाने इथिओपियात उभारलेल्या कापड गिरणीचा उल्लेख स्वतंत्र भारतातील परदेशी औद्योगिक गुंतवणुकीचा प्रारंभ म्हणून केला जातो.

१९६९ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा कायदा याच वर्षी संमत होऊन जून १९७० पासून अमलात आला. वीस कोटी रुपयांहून अधिक मालमत्ता असलेल्या उद्योगसमूहांना विस्तारासाठी स्वतंत्र परवानगी आवश्यक झाली. आर्थिक सत्तेचे केंद्रीकरण रोखणे हा कायद्याचा उद्देश होता आणि त्यामागची सामाजिक चिंता खोटी नव्हती. याच वर्षी आदित्य विक्रम बिर्ला यांनी थायलंडमध्ये 'इंडो-थाई सिंथेटिक्स' ही कंपनी स्थापन केली. पुढे इंडोनेशियात 'एलिगंट टेक्स्टाइल' (१९७३), थायलंडमध्ये 'थाई रेयॉन' (१९७४), फिलिपाइन्समध्ये 'इंडो-फिल' (१९७५), मलेशियात 'पॅन सेंच्युरी एडिबल ऑइल्स' (१९७७) आणि पुन्हा थायलंडमध्ये 'थाई कार्बन ब्लॅक' (१९७८) असे उद्योग एका दशकात उभे राहिले.

केवळ बाजारपेठेचा आकार हे कारण मानले तर या क्रमाचा उलगडा होत नाही. थायलंडची लोकसंख्या भारताच्या तुलनेने अगदीच लहान होती. भारतात धाग्याला आणि कापडाला मागणी होती, उद्योजकाजवळ तंत्र होते, व्यवस्थापक होते. विस्ताराचा परवाना मात्र दुर्लभ होता. आग्नेय आशियातील सरकारे त्याच वेळी करसवलती देऊन परकी भांडवलाचे स्वागत करीत होती. मलेशियाचे उदाहरण याहून बोलके आहे. कच्च्या पामतेलाऐवजी शुद्ध केलेले तेल निर्यात व्हावे, अशी तेथील करांची रचना होती. भारत त्या काळात खाद्यतेलाची आयात वाढवीत होता. ज्या वस्तूची मायदेशाला गरज होती, तिचा भव्य कारखाना भारतीय उद्योजकाने परदेशी भूमीवर उभारला.

सरकारचा दृष्टिकोन दुहेरी होता. परकीय चलनाची टंचाई असल्याने रोख भांडवल बाहेर जाऊ देण्यास त्याची तयारी नव्हती. परदेशी संयुक्त उपक्रमांसंबंधीच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये भारतीय बाजूचा हिस्सा शक्यतो भारतीय यंत्रसामग्रीच्या रूपाने जावा आणि स्थानिक भागीदाराचे वर्चस्व राहावे, अशी अपेक्षा होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने हे नियंत्रण अधिक कडक झाले. परिणामी, देशांतर्गत विस्ताराचे दार बंद ठेवणाऱ्या शासनानेच परदेश-विस्ताराची एक अरुंद खिडकी यंत्रांच्या निर्यातीसाठी उघडी ठेवली. मंजूर झालेले अनेक उपक्रम प्रत्यक्षात उतरले नाहीत, काही बंद पडले. जे टिकले त्यांच्यामागे हायमर यांनी सांगितलेली शक्ती होतीच. परंतु त्या शक्तीला बाहेर ढकलणारा रेटा घरचा होता. हे कारखाने परदेशी गेल्यामुळे भारतात जो रोजगार निर्माण होऊ शकला नाही, त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात आढळत नाही.

१९९१ नंतर : कारण पालटले, ओघ वाढला

येथे एक स्वाभाविक शंका उपस्थित होते. घरची बंद दारे हेच जर परदेशगमनाचे एकमेव कारण असते, तर १९९१ च्या उदारीकरणानंतर ही गुंतवणूक घटायला हवी होती. प्रत्यक्षात ती अनेक पटींनी वाढली. याचा अर्थ पूर्वीचे विश्लेषण चुकीचे होते असा नव्हे, तर कारणच पालटले होते.

पहिला बदल नियमांचा. १९९२ मध्ये मर्यादित रकमेच्या परदेशी गुंतवणुकीस आपोआप मंजुरी मिळू लागली. परकीय चलन व्यवस्थापन कायदा (१९९९) जून २००० मध्ये अमलात आला. २००४ मध्ये कंपनीला निव्वळ मालमत्तेच्या १०० टक्क्यांपर्यंत आणि २००७ अखेर ४०० टक्क्यांपर्यंत रक्कम परदेशात गुंतविण्याची मुभा मिळाली. दुसरा बदल स्पर्धेचा. परकी कंपन्या भारतात आल्याने घरची बाजारपेठ ही सुरक्षित जहागीर उरली नाही. जी कंपनी जागतिक दर्जाची होणार नाही ती घरीही टिकणार नाही, ही जाणीव पक्की झाली.

तिसरा बदल सर्वांत मूलगामी होता. या टप्प्यात भारतीय कंपन्या आपल्याजवळचा लाभ वापरण्यासाठी बाहेर गेल्या, तशाच आपल्याजवळ नसलेला लाभ विकत घेण्यासाठीही गेल्या. टाटा टीने २००० मध्ये 'टेटली' ही आपल्याहून मोठी ब्रिटिश कंपनी २७.१ कोटी पौंडांना घेतली. मळे आणि पाने भारतीय कंपनीकडे होती; पेल्यातील चहाला मिळणारी खरी किंमत मात्र नाममुद्रेच्या मालकाकडे जात होती. त्या नाममुद्रेची मालकी मिळविणे हा या खरेदीचा हेतू होता.

पुण्याच्या मुंढव्यातील भारत फोर्जचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. ट्रकच्या इंजिनातील क्रँकशाफ्ट, पुढच्या आसाचे दांडे असे घडीव भाग ही कंपनी निर्यात करीत होतीच. परंतु युरोपातील वाहन-उत्पादक नव्या इंजिनाच्या आराखड्याच्या टप्प्यापासूनच पुरवठादाराला सोबत घेतात. हजारो मैलांवरचा पुरवठादार कितीही स्वस्त असला तरी त्या टेबलापाशी त्याला जागा नसते. २००३-०४ मध्ये दिवाळखोरीत निघालेली जर्मनीतील 'कार्ल डान पेडिंगहाउस' ही कंपनी भारत फोर्जने घेतली आणि २००५ मध्ये अमेरिका व स्वीडनमधील कारखाने घेतले. ग्राहकाजवळ एक आणि कमी खर्चाच्या देशात दुसरा, अशा दोन ठिकाणी तोच भाग बनविण्याची ही योजना होती. किर्लोस्कर ब्रदर्सनेही २००३ मध्ये ब्रिटनमधील 'एसपीपी पंप्स' घेऊन तयार तंत्र व ग्राहकवर्ग मिळविला. मात्र भारत फोर्जने चीनमधील संयुक्त उपक्रमातून पुढे अंग काढून घेतले. विस्ताराच्या इतिहासात माघारीचाही समावेश करावा लागतो, तो यासाठी.

कोरस आणि जॅग्वार : दोन खरेद्यांची तुलना

३१ जानेवारी २००७ रोजी टाटा स्टीलने ब्राझीलच्या कंपनीशी झालेल्या लिलावात अँग्लो-डच 'कोरस' कंपनी समभागामागे ६०८ पेन्स देऊन जिंकली. ऑक्टोबर २००६ मधील पहिला प्रस्ताव ४५५ पेन्सचा होता. म्हणजे चार महिन्यांत किंमत सुमारे एक-तृतीयांशाने चढली. व्यवहार सुमारे ६२० कोटी पौंडांचा होता आणि त्याचा मोठा भाग कर्जातून उभारला होता. युरोपातील उच्च दर्जाच्या पोलादाचे ग्राहक, संशोधन आणि एका झेपेत मिळणारे आकारमान ही आर्थिक कारणे सांगण्यात आली. परंतु पूर्वीच्या साम्राज्याच्या राजधानीत भारतीय कंपनीने ब्रिटिश पोलाद विकत घेतले, याचा जो आनंद देशभर व्यक्त झाला त्यावरून अशा निर्णयांभोवती प्रतिष्ठेचेही वलय असते, हे मान्य करावे लागेल. लिलावात जिंकणारा पुष्कळदा वस्तूच्या मूल्याहून अधिक मोजतो, हा अनुभव येथेही आला.

२००८ च्या जागतिक मंदीत पोलादाची मागणी घसरली. २०१६ मध्ये स्कनथॉर्पसह लाँग प्रॉडक्ट्स विभाग नाममात्र एका पौंडाला विकण्यात आला. वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील अखेरची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी थंडावली. ब्रिटिश सरकारच्या ५० कोटी पौंडांच्या साहाय्याने तेथे विद्युतभट्टीचा प्रकल्प ठरला. त्या संक्रमणात ब्रिटनमधील सुमारे २,८०० नोकऱ्यांवर गदा आली. मुंबईत घेतलेल्या एका निर्णयाशी वेल्समधील एका गावाचे भवितव्य असे बांधले गेले.

याच समूहाच्या टाटा मोटर्सने जून २००८ मध्ये फोर्डकडून 'जॅग्वार लँड रोव्हर' २३० कोटी डॉलरना घेतली. मंदीचा पहिला तडाखा तिलाही बसला. पण पुढे नव्या गाड्यांमुळे व विशेषतः चीनमधील मागणीमुळे ती समूहाच्या नफ्याचा मोठा आधार बनली. समूह एक, देश एक, कालखंडही जवळपास एकच. फळ मात्र भिन्न. पोलाद ही जगभर जवळजवळ सारख्या भावाने विकली जाणारी वस्तू असल्याने कोरसच्या खरेदीत प्रामुख्याने क्षमता आणि तिचा खर्च पदरी आला. मोटारींच्या बाबतीत दुसऱ्या कोणापाशी नसलेली नाममुद्रा व आराखड्याचे कौशल्य हाती लागले. हायमर यांचा मूळ प्रश्न येथे पुन्हा उपयोगी पडतो : नियंत्रण मिळवावे असे नेमके काय त्या कंपनीजवळ होते?

समारोप

वरील आढाव्यावरून तीन निष्कर्ष काढता येतात. परदेश-विस्तार हा नेहमीच सामर्थ्याचा पुरावा नसतो. १९७० च्या दशकात तो बऱ्याच अंशी घरच्या कोंडीचा परिणाम होता. दुसरे म्हणजे, उदारीकरणानंतरच्या विस्तारात आपली उणीव भरून काढण्याची प्रेरणा लाभ वापरण्याच्या प्रेरणेइतकीच प्रबळ ठरली. बलवान कंपनीच बाहेर पसरते या प्रचलित गृहीताला त्यामुळे मुरड घालावी लागते. तिसरे म्हणजे, प्रतिष्ठा व लिलावाची ईर्ष्या यांसारख्या प्रेरणा सिद्धांतात बसत नसल्या तरी इतिहासात त्यांची किंमत मोजली गेलेली आहे.

विद्यार्थ्यांना परदेश-विस्ताराची कारणे शिकविताना कंपनी कोठे गेली यासोबत ती केव्हा गेली आणि त्या वेळी घरी कोणते दार उघडे व कोणते बंद होते, हेही विचारले गेले पाहिजे. गुंतवणुकीचे आकडे कंपनीच्या अहवालात मिळतात. परंतु भारतात न उभारलेल्या कारखान्याचा आणि पोर्ट टॅलबटच्या विझलेल्या भट्टीचा हिशेब मांडल्याशिवाय विस्ताराचा जमाखर्च पुरा होत नाही.