खवीस कोणाचा?

मागच्या पावसाळ्यात कल्याणला आमच्या शाळेत लाइट गेली. मराठीचा तास होता. मुलांनी हट्ट धरला, "टीचर, भुताची गोष्ट सांगा ना!" मुंजा, हडळ, वेताळ करत मी खवीसपर्यंत आले. शेवटच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "टीचर, खवीस म्हणजे मुसलमानाचं भूत ना? गावाला सगळे तेच सांगतात."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

आपल्या मुलखात भुतांनाही जात-धर्म आहे. मुंज झालेला, पण लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि मेलेला मुसलमान खवीस, अशी लोकसमजूत. शब्द मूळचा अरबी, खबीस, म्हणजे दुष्ट, घाणेरडा. संडासात जाताना म्हणायची जी दुआ आपण मुलांना शिकवतो, तिच्यातल्या 'खुब्स' आणि 'खबाइस'चं मूळही हेच. ज्याच्यापासून आपण अल्लाहची पनाह मागतो, तोच आपल्या माथी मारला गेला!

भुतांचं हे ओझं मराठीत बरंचसं उतरवलं ते रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०). नारायण धारपांची भयकथा वाचकाला घाबरवून सोडते. मतकरींनी आपल्या कथेला गूढकथा म्हटलं. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'कबंध' या संग्रहांत भीती पिंपळावर बसत नाही, ती घरात, नात्यात, माणसाच्या मनात असते. वाचून झाल्यावर कित्येकदा भीतीपेक्षा कणव उरते. उर्दूत लखनौच्या नय्यर मसूद (१९३६–२०१७) यांच्या कथा वाचताना मला असंच होतं. याच मतकरींनी उतारवयात ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. ज्यांची गोष्ट कोणी ऐकत नाही, त्यांना बोलू द्यायचं, हे त्यांच्या दोन्ही कामांत दिसतं.

म्हणून मी मुलांना गृहपाठ दिला: खवीस मरण्याआधी कोण होता, ते लिहा.

त्याच मुलाने लिहिलं, तो भिवंडीत लूमवर कामाला होता. ईदला गावी निघाला आणि वाटेत मेला. कोणी ओळखलं नाही, म्हणून जनाज्याची नमाज झाली नाही. तो कोणाला घाबरवत नाही, फक्त आपलं नाव सांगायला येतो.

मुलांना खवीसची गोष्ट जरूर सांगा. सोबत एवढंही सांगा, की शब्द अरबीतून आला, धर्म त्याला इथे चिकटला.